मदत हवी आहे: जुन्या कंपनीत नव्या कामाची टीम कोणाच्या हाताखाली असावी?

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मी इंजिनिअरिंग बघतो. 32 वर्षांची कंपनी, साधारण 400 माणसं. पिस्टन पिन आणि रॉकर आर्म या पेट्रोल इंजिनातल्या भागांवर आमचं पोट. इलेक्ट्रिक दुचाकीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून मालकांनी गेल्या वर्षी मोटर शाफ्टसाठी सहा जणांची टीम काढून माझ्याकडे दिली. रिपोर्टिंग मात्र प्लांट हेडकडे.

घोडं तिथेच अडलंय. सॅम्पलचे 20 शाफ्ट तेल लावून ट्रेमध्ये तीन आठवडे पडून होते, कारण ग्राइंडिंगचं फिक्श्चर, म्हणजे घासताना शाफ्ट धरून ठेवणारं साधन, टूल रूममधून निघेना. तिथल्या काकांकडे गेलो तर म्हणाले, "साहेब, तुमचे 20 नग थांबतील. गिऱ्हाईकाची लाइन थांबली तर दंड बसतो." त्यांचं काय चुकलं? प्लांट हेडचं अप्रेझलही डिस्पॅच आणि रिजेक्शनवरच होतं. त्यात शाफ्टचा साधा रकानासुद्धा नाही.

टीम सरळ वेगळ्या शेडमध्ये न्यावी, असं मला वाटत होतं. आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटरचं काम मुख्यालयापासून लांब फ्लोरिडात, बोका रॅटनला दिलं. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, असं बाहेरून घ्यायची मोकळीक दिली आणि साधारण वर्षभरात, ऑगस्ट 1981 मध्ये, मशीन बाजारात आणलं. पण झेरॉक्सनेही 1970 मध्ये पालो अल्टोला वेगळी प्रयोगशाळा काढली होती. तिथे 1973 मध्ये माउस आणि खिडक्यांचा पडदा असलेला आल्टो संगणक तयार झाला, तरी त्याचा धंदा झेरॉक्सला जमला नाही. त्याच प्रयोगशाळेतला लेझर प्रिंटर मात्र चालला. मला वाटतं, तो कॉपियरच्या धंद्याला जवळचा होता म्हणून मूळ कंपनीने तो उचलला. म्हणजे नुसती शेड वेगळी करून भागणार नाही. आम्हाला तर टूल रूम, हीट ट्रीटमेंट आणि क्वालिटीची जुनी माणसं रोज लागतात.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारायचंय: टीम थेट मालकांच्या हाताखाली घेतली तर प्लांटची माणसं पाठ फिरवतात का? टूल रूमचे आठवड्यातले दोन दिवस आमच्यासाठी राखून ठेवायचे म्हटलं, तर महिनाअखेरीला ते टिकतात का? की प्लांट हेडच्याच अप्रेझलमध्ये शाफ्टचं काम घालावं? आणि वर्षभर विक्री शून्य असताना या सहा जणांची पगारवाढ कशावर ठरवायची? दोन चांगली पोरं आत्ताच "आम्हाला परत लाइनवर घ्या" म्हणतायत, आणि त्यांच्याशिवाय हे काम उभं राहणार नाही.

शनिवारी मालकांसमोर बसायचंय. तुमच्याकडे काय केलं आणि ते कुठे फसलं, दोन्ही लिहा. लहान कारखान्यातले अनुभव असतील तर फारच उत्तम.