एकतर्फी वेडावरचा टीनएज सायकॉलॉजिकल हॉरर सुचवा ना

भूतबित नकोय आणि रक्ताच्या चिळकांड्या पण नकोत. शाळा-कॉलेजच्या वयातलं वेड हळूहळू डोक्यात जातं आणि मग समोरच्याचं जगणं मुश्किल करून टाकतं, असं काही पाहिलंय का कुणी?

> 'स्विमफॅन' बघ, २००२ चा. स्विमिंगवाल्या पोराच्या मागे नवीन आलेली मुलगी लागते, हा एकदाच घसरतो आणि मग ती त्याची गर्लफ्रेंड, करिअर, सगळ्याचीच वाट लावत सुटते. १९८७ चा 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' उचलून शाळेत नेऊन बसवलाय झालं, पण टाईमपास आहे.

> मी तर 'फिअर' म्हणेन (१९९६). मार्क वॉलबर्ग सुरुवातीला इतका गोड वागतो ना की आपल्यालाही तो आवडायला लागतो, आणि मग स्वतःच्या छातीवर गर्लफ्रेंडचं नाव कोरतो तिथे माझी जाम टरकली. शेवट मात्र उगाच मारामारीचा केलाय राव.

> अरे 'द क्रश' राहिला की! १९९३. अ‍ॅलिसिया सिल्व्हरस्टोन चौदा वर्षांची, भाड्याने राहायला आलेल्या लेखकावर फिदा. गुपचूप घुसून त्याचा लेखच सुधारून ठेवते, तो खूश होतो, आणि मला तर पुढच्या गांधीलमाश्यांच्या सीनपेक्षा हेच जास्त भयानक वाटलं.

> यात मुलगीच येडी का दाखवतात नेहमी? म्हणून 'फिअर'ला माझं पण मत.

ओके, मग आज रात्री 'फिअर'च लावतो. स्पॉयलर दिलेत त्याबद्दल आभार हां 😑