अनुभव धागा : मोबाइलवरची ‘ब्रेकिंग’ आणि आपण कोल्हापूरकर

पावसाळा तोंडावर आलाय. या दिवसांत फोन टिंग वाजला की कोल्हापूरकराचा हात आपसूक तिकडं जातो. पंचगंगा कुठवर आली, शिवाजी पुलाजवळ काय परिस्थिती, गगनबावड्याला पाऊस किती, हे प्रत्येकाला हवं असतं. आणि उघडून बघावं तर कुणा हिरोइनचा विमानतळावरचा फोटो, कुणाच्या लग्नातली साडी, ‘या तीन राशींचं नशीब उजळणार’. वर लाल पट्टी आणि ‘ब्रेकिंग’.

मला याचा मनापासून राग येतो. ज्याला असल्या बातम्या आवडतात त्यानं खुशाल वाचाव्यात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुराच्या रात्री आपल्याला उठवायचं काम ज्या आवाजाचं, त्याच आवाजात साडीची बातमी आली, तर माणूस त्या आवाजाकडं लक्ष देणं सोडतो. माझ्या गल्लीत हे झालेलं मी बघतोय. वयस्कर माणसांनी फोन कायमचे सायलेंटवर टाकलेत.

तुमच्याकडं काय अनुभव आहेत ते लिहा. कुठलं नोटिफिकेशन आलं, त्यावरनं घरात किंवा धंद्यात काय घडलं, तुम्ही काय उपाय केला. चॅनेलची, पोर्टलची नावं नकोत, सगळ्यांचं दुखणं एकच आहे.
— राजारामपुरीकर

प्रयाग चिखलीकर

दादा, चांगला विषय काढलात. आमचं गाव संगमावर, पूर आला की पहिलं पाणी आमच्यात आणि आंबेवाडीत.

दरवर्षी जुलैमध्ये एक नोटिफिकेशन ठरलेलं असतं : ‘राधानगरीचा दरवाजा उघडला, कोल्हापूरला महापुराचा धोका!’ सोबत फोटो २०१९ च्या महापुराचा. आता राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते एकेक करून आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी येतं. एक दरवाजा उघडणं म्हणजे महापूर नव्हे, हे आमच्या गावात शाळकरी पोराला ठाऊक आहे. आम्ही बघतो ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. त्याच्या जोडीला घाटाकडचा पाऊस आणि कुठले बंधारे पाण्याखाली गेले ते. पातळी तासाला किती इंचानं चढतीय, यावर आमचं सगळं ठरतं. नेमकं तेवढंच त्या नोटिफिकेशनमध्ये नसतं.

शहरातल्या माणसाला वाटेल, एवढं काय, वाचायचं आणि सोडून द्यायचं. पण आमच्याकडं दावणीला म्हशी असतात. जनावरं हलवायची म्हणजे टेंपो बघायचा, वैरण भरायची, पै-पाहुण्याकडं जागा विचारायची. गाभण म्हैस असली तर ती टेंपोत चढायलाच तयार होत नाही, चौघांनी मिळून रेटावं लागतं. आमच्या शेजारच्या काकांनी असल्याच एका बातमीवर रातोरात, धो धो पावसात, जनावरं काढली. सकाळी पाणी पात्रातच होतं. पंधरवड्यानं खरोखर पाणी चढायला लागलं तेव्हा तेच काका म्हणाले, “रोजच बोंबलतंय ते, बघू सकाळी.” पोरांनी हाताला धरून बाहेर काढलं त्यांना. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांच्या तोंडी हे वाक्य यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पेठेतली लेक, सध्या पुण्यात

माझं माहेर उत्तरेश्वर पेठेतलं. आई-बाबा दोघंच असतात. फोनवर येतं : ‘कोल्हापूर हादरलं!’ एवढंच. पुढं तीन टिंबं. काय झालं, कुठं झालं, काही नाही. उघडेपर्यंत जाहिराती हटवायच्या, मग चार परिच्छेद पार्श्वभूमी वाचायची, आणि शेवटी कळतं की जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दोन भावकीत भांडण झालंय.

तोवर मी घरी फोन लावलेला असतो. बाबांना ऐकू कमी येतं, आई देवळात गेलेली असते. फोन उचलला नाही की माझा जीव टांगणीला. मग शेजारच्या वहिनींना फोन, त्या बिचाऱ्या हातातलं काम टाकून बघून येतात. ‘आहेत गं, अंगणात बसलेत’ हे ऐकेपर्यंत मी ऑफिसात कामाची राहिलेली नसते. माझ्यासारख्या किती लेकी पुण्या-मुंबईत असतील. गावाचं नाव घालून असं अर्धवट वाक्य पाठवणाऱ्यांनी एकदा आमच्या जागी बसून बघावं. तालुक्याचं नाव तरी पहिल्या ओळीत लिहा, एवढीच मागणी.

राजारामपुरीकर : ताई, अगदी खरं. गावाचं नाव बघून माणूस उघडणारच, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

गुजरीतला एक

आमच्या सराफी पेढीवरचं सांगतो. ‘सोनं गडगडलं! खरेदीसाठी झुंबड’ असं नोटिफिकेशन आलं की तासाभरात फोन सुरू. लग्नसराईत तर लोक थेट येतात. गेल्या हंगामात कागलकडची मंडळी गाडी करून आली, नवरी मुलगी, आई, मामा, सगळे. भाव पडलाय म्हणून मामांनी कामावर खाडा केला होता. आमच्या फळ्यावरचा भाव बघून त्यांचा चेहराच उतरला. मग मामांनी फोन पुढं केला. मी बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवली. घसरणीचा आकडा शंभर ग्रॅमचा होता. म्हणजे दहा ग्रॅमला त्याचा दहावा हिस्सा, तोही २४ कॅरेटचा. दागिना होतो २२ कॅरेटचा, वर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. हिशेब केला तर मामांच्या गाडीभाड्याएवढीही बचत नव्हती.

कधी वायद्याचा भाव असतो, कधी दुसऱ्याच शहराचा. गिऱ्हाइकाला वाटतं सराफ लपवतोय. पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक असं संशयानं बघायला लागलं की आतून तुटतं. मी आता गिऱ्हाइकांना एकच सांगतो : निघायच्या आधी दुकानात फोन करा, आजचा २२ कॅरेटचा दहा ग्रॅमचा भाव विचारा, मग गाडी काढा.

दहावीची आई

‘दहावीचा निकाल आज?’ हे प्रश्नचिन्हवालं नोटिफिकेशन मे महिन्यात किती वेळा आलं याची गणती नाही. प्रत्येक वेळी पोरगी ताटावरनं उठायची. बोर्ड तारीख आधी अधिकृतपणे जाहीर करतं, तोवर यातलं काही खरं नसतं. परीक्षेपेक्षा या आवाजानं तिला जास्त रडवलं.

शिरोळचा ऊसवाला

‘ऊस उत्पादकांसाठी सर्वात मोठी बातमी, दरात वाढ!’ रानात पाणी पाजत होतो, चिखलाच्या हातानं फोन काढला. वाचत वाचत खाली गेलो तर निर्णय उत्तर प्रदेश सरकारचा. तिकडं राज्य सरकार स्वतःचा दर ठरवतं, आपल्याकडं केंद्राच्या एफआरपीवर, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दरावर चालतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, आणि वरच्या उताऱ्याचा हिशेब निराळा. त्या बातमीचा आमच्या उसाशी सुतराम संबंध नाही. तरी पारावर संध्याकाळपर्यंत ‘दर वाढला’ म्हणून चर्चा, आणि एकानं तर त्या भरवशावर ट्रॅक्टरच्या हप्त्याचं गणितही मांडलं.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय ठरलं, कारखान्यानं पहिली उचल किती जाहीर केली, हे कळायला मात्र मला अजून माणसालाच फोन लावायला लागतो.

डेस्कवर काम केलेला

मी काही वर्षं एका बातम्यांच्या पोर्टलच्या डेस्कवर होतो, आता ते काम सोडलंय. आतनं हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे राग योग्य जागी जाईल.

पाळीवर बसलेल्या मुलाला एक पडदा समोर असतो. आत्ता किती लोक साइटवर आहेत, कुठल्या बातमीवर किती, हे क्षणाक्षणाला दिसतं. आकडा खाली आला की वरनं विचारणा होते. आकडा वर न्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नोटिफिकेशन, पाच मिनिटांत आलेख वर चढतो. त्यामुळं पाळीला अमुक इतकी पाठवायचीच, असा अलिखित नियम होतो. बातमी असो-नसो. दुसऱ्या पोर्टलनं पाठवलं की आपणही पाठवायचं, कारण मागं राहिलो तर उत्तर द्यावं लागतं. खोटं लिहायला कुणी सांगत नाही. पण सगळं सांगून टाकलं तर वाचक उघडत नाही, म्हणून नाव लपवायचं, गाव लपवायचं, आकडा लपवायचा. वरच्या ताईंनी लिहिलेलं ‘कोल्हापूर हादरलं’ असंच तयार होतं.

‘ब्रेकिंग’, ‘मनोरंजन’, ‘राशिभविष्य’, ‘तुमचा जिल्हा’ असे वेगळे कप्पे करून पाठवता येतं. फक्त जिल्ह्यातल्या वाचकांनाच पाठवायचीही सोय असते. तरी सगळं सगळ्यांना जातं, कारण सगळ्यांना पाठवलं की आकडा मोठा दिसतो. पुराच्या दिवसांत आमच्यातल्या दोघांनी आग्रह धरून राजाराम बंधाऱ्याची पातळी पहिल्या ओळीतच लिहायला सुरुवात केली होती. “लोकांना सगळं वरच कळलं तर आत कोण येणार?” असं ऐकून घ्यावं लागलं, पण त्या आठवड्यात ते चालू ठेवलं. ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम, असं मी आजही मानतो.

शिरोली ट्रान्सपोर्ट

थोडी दुसरी बाजू मांडतो. जुलै २०२१ मध्ये आमची गाडी पुण्याहून माल घेऊन निघाली होती. हायवेवर शिरोलीजवळ पाणी आल्याची बातमी मला नोटिफिकेशननंच कळली. लगेच ड्रायव्हरला फोन करून कऱ्हाडलाच थांबवलं. पुढं गेला असता तर रस्त्यातच अडकला असता. त्यामुळं सगळं बंद करून टाका असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ती बातमी मला दिसली, कारण माझ्या फोनवर एकच अॅप ठेवलं होतं आणि त्याचेही बाकीचे कप्पे बंद होते.

रात्रपाळीची सिस्टर

रात्रपाळी करून सकाळी झोपते. फोन बंद ठेवता येत नाही, वॉर्डातनं कधीही बोलावणं येतं. क्रिकेटच्या प्रत्येक विकेटला जाग यायची. शेवटी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून त्यात वॉर्ड, सासूबाई आणि मुलाची शाळा यांचेच कॉल येतील असं केलं. आता झोप लागते.

मोबाइल दुरुस्तीवाला

दुकानात रोज हेच काम येतं, म्हणून नीट लिहितो.

नको असलेलं नोटिफिकेशन बाजूला सारू नका. त्यावर बोट दाबून धरा. ते कुठल्या कप्प्यातलं आहे ते दिसतं, तेवढाच कप्पा बंद करता येतो. कप्पे केलेलेच नसतील तर अख्ख्या अॅपचं नोटिफिकेशन बंद करा, बातम्या उघडून वाचता येतातच. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनवर नवं अॅप आधी परवानगी विचारतं, तिथं सरळ ‘नाही’ म्हणा. त्याआधीच्या फोनवर ती न विचारताच मिळालेली असते, सेटिंगमध्ये जाऊन काढावी लागते.

पण माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच फोनवर उपद्रव अॅपचा नसतोच. ब्राउझरमध्ये कधीतरी एखादी बातमी वाचताना ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, आणि ती साइट रोज नोटिफिकेशन ढकलत राहते. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग, साइट सेटिंग, नोटिफिकेशन. तिथं यादी दिसते. ओळखीचं नसेल ते सगळं बंद करा.

एक गोष्ट मात्र बंद करू नका. सरकारी आपत्कालीन इशारा वेगळा असतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले होते, आठवत असेल. तो टॉवरवरनं त्या भागातल्या फोनवर थेट येतो, त्याला अॅप लागत नाही की नेट लागत नाही. त्या दिवशी घाबरून अनेकांनी सेटिंगमधनं तो बंद केलाय. ‘इमर्जन्सी अलर्ट’ असं सेटिंगमध्ये शोधा आणि चालू आहे का बघा. शेतात काम करणाऱ्यांनी विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ अॅप ठेवावं, ते पुण्याच्या हवामान संस्थेनं केलंय, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं.

प्रयाग चिखलीकर : भाऊ, गावात येऊन हे करून द्याल का? आमच्याकडं निम्म्या लोकांना सेटिंग कुठं असतं ते माहीत नाही.

मोबाइल दुरुस्तीवाला : येतो की. सोमवारी दुकान बंद असतं. ग्रामपंचायतीत बसू, माणसं आणि फोन तेवढे गोळा करा. चार्जिंग करून आणा म्हणावं.

राजारामपुरीकर : मीही येतो. पुराच्या दिवसांत अडचण आली तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबरही प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून देऊ. तुमच्या शेजारच्या काकांचा फोन पहिला घेऊया.

प्रयाग चिखलीकर : काकांना सांगितलंय. सोमवारी दहा वाजता या, आंबेवाडीतलीही दहा-बारा माणसं येतो म्हणालीत.