नराची वाढ शिंगातही पाहावी लागते
अळीला सकस आहार मिळाला की मादी अधिक वाढते आणि नराच्या आकारात फारसा फरक पडत नाही, हा कीटकांबद्दल मांडला जाणारा मुद्दा ड्रोसोफिला या फळांवरच्या लहान माशीच्या बाबतीत योग्य आहे. अळ्यांना यीस्टमधून भरपूर प्रथिने मिळाली की तिथे मादीचे आकारमान नरापेक्षा ठळकपणे वाढते. मात्र हा मुद्दा सर्व कीटकांना लावणे मला पटत नाही. जपानमधील शिंगवाल्या भुंग्याच्या नरात आहाराचा परिणाम सर्वांत तीव्रपणे दिसतो तो शिंगावर, आणि मादीला तर शिंगच नसते. जीवशास्त्रज्ञ डग्लस एम्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या भुंग्याच्या अळ्यांमधील इन्शुलिनचा संदेश, म्हणजे पोषण किती मिळाले हे पेशींना कळवणारा संकेत, क्षीण केला, तेव्हा नरांची शिंगे सुमारे 16 टक्क्यांनी लहान झाली, पंख जेमतेम 2 टक्क्यांनी घटले आणि जननेंद्रियांवर परिणामच झाला नाही. म्हणजे एकाच नराच्या शरीरातील निरनिराळे अवयव पोषणाला निरनिराळा प्रतिसाद देतात, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण केवळ वजनाची तुलना केली तर नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते.

कोकणातल्या नारळ बागायतदारांना परिचित असलेल्या गेंड्या भुंग्यातही नराचे शिंग सर्वसाधारणपणे मोठे असते, पण लहान चणीच्या नराचे शिंग मादीइतकेच आखूड असू शकते. त्यामुळे नर-मादी ओळखताना शिंगावर विसंबू नये, पोटाच्या टोकाशी असलेला दाट केसांचा झुपका पाहावा, तो मादीला असतो.