एकाच सुट्टीत लग्न उरकू नका

माणदेशी_सून
७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि सुट्टीवरच्या जवानांना माघारी बोलावणं आलं. जळगाव जिल्ह्यातल्या एका जवानाचं लग्न ५ तारखेला झालेलं, तो ८ ला निघाला. सगळ्यांनी सलाम केला, मीही केला. पण त्या नवरीचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे.

माझं लग्न त्याच एप्रिलमधलं, वीस दिवसांच्या सुट्टीतलं. हळदीनंतर अकराव्या दिवशी हे गेले. सासरी कोणाच्या चहात साखर किती, तेही मला ठाऊक नव्हतं. रात्री सासूबाई आणि मी टीव्हीवर जम्मूच्या आकाशातले ड्रोन बघत बसायचो. यांचा फोन लागत नव्हता. त्या रडायच्या, मी धीर द्यायचे. मला रडायचं असलं की मोरीत जाऊन नळ सोडायचा.

साखरपुडा आणि लग्न यांत निदान एक सुट्टी जाऊ द्या. दोघांना बोलू द्या.

निवृत्त_सुभेदार_खटाव
ताई, दुःख खरं आहे, पण मत पटत नाही. वर्षाला साठ दिवस वार्षिक सुट्टी आणि तीस दिवस कॅज्युअल, तीही युनिट सोडेल तेव्हा. एक सुट्टी थांबायचं म्हणजे वर्ष गेलं. थांबा म्हटलं की मुलीकडचे दुसरं स्थळ बघतात. १९९९ ला कारगिलच्या वेळी माझी बायको सात महिन्यांची पोटुशी होती. पत्राची वाट बघत तिनं गोठा, शेत, म्हातारी माणसं सगळं सांभाळलं. ओळख संसारात होते.

सातारची_मावशी
सुभेदारसाहेब, तुम्ही परत आलात. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आला नाही. बावीस वर्षांची पोर, चार महिन्यांचा संसार. तेराव्याच्या आत घरात दिराशी लग्नाचा विषय निघाला, पैसा घरात राहावा म्हणून. आणि हे फक्त गावातल्या लोकांच्या डोक्यात नव्हतं. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, दिराशी केलं तरच चालू राहायचा. सरकारनं ती अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. इतकी वर्षं होती ती! "तिनं सांभाळलं" म्हणताना तिला कोणी विचारलं होतं का, तेही सांगा.

निवृत्त_सुभेदार_खटाव
विचारलं नव्हतं. हे मान्य करतो. तरी लग्न लांबवल्यानं गोळी चुकत नाही, मावशी.

युनिट_क्लार्क
दोघांचंही थोडं चुकतंय. तारखेपेक्षा कागद बघा. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या घरच्या बदलाची नोंद करणारा युनिटचा आदेश, निघेपर्यंत रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव चढत नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि जॉइंट फोटो नवरा गावात असतानाच करून घ्या. नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसा कोणाला मिळावा ते नाव, जुनंच राहिलेली पोरं मी पाहिलीत. मग सून आणि सासू-सासरे वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

माणदेशी_सून
दादा, म्हणूनच मधली सुट्टी मागतेय. अकरा दिवसांत देवदर्शन, पूजा, पाहुणे झाले. दाखल्याची आठवण ना माहेरी कोणाला झाली, ना सासरी. आमची पार्ट टू ऑर्डर सप्टेंबरात निघाली. मी टीव्हीसमोर बसले होते त्या रात्री फौजेच्या कागदावर हे अविवाहित होते.