मदत हवी आहे: रिंकल-फ्री केल्यावर कॉटन टरकन फाटतंय

ताणाबाणा: शर्टिंग आहे, शंभर टक्के कॉटन. बाहेरून जॉबवर्कने रिंकल-फ्री करून घेतलं. चुणी पडत नाही, पण काखेत जरा ओढलं की टरकन फाटतं. प्रोसेसवाला म्हणतो सूतच कच्चं. ग्रे कापड (प्रोसेस न केलेलं, मागावरचं) भिवंडीहून आलं तेव्हा चांगलं दणकट होतं. गाळा मालाने भरलाय, पार्टीचे रोज फोन. हा माल वाचेल का? प्लीज लवकर सांगा.

मिलगावकर: रेझिन (चुणी पडू नये म्हणून लावतात ते रसायन) कुठलं, कॅटॅलिस्ट (ते कापडाशी जोडायला मदत करणारा) कुठला, क्युरिंग (तापवून पक्कं करणं) किती डिग्रीला? काहीच लिहिलं नाहीत.

ताणाबाणा: नेहमीचंच हो. रेझिन डीएमडीएचईयू आणि कॅटॅलिस्ट मॅग्नेशियम क्लोराइड.

वासंती_क: रेझिनमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा वास येत असेल तर युरियाच्या पाण्यातून काढा, खूप फरक पडतो. लहान मुलांच्या कपड्यांना तर मी हे सांगतेच.

ताणाबाणा: वास नाही ताई, फाटतंय!

रंगारी: डीएमडीएचईयू सोडा, त्याच कामाचं बीटीसीए घ्या. सोबत कॅटॅलिस्ट म्हणून सोडियम हायपोफॉस्फाइट. फॉर्मल्डिहाइडची कटकटच नाही.

मिलगावकर: बीटीसीए स्वतःच आम्ल आहे, ताकद त्यानेही जाते. भाव बघितलात का? आणि त्यांचा माल आधीच फिनिश झालाय, आता रेझिन बदलून काय उपयोग?

रंगारी: पुढच्या लॉटसाठी सांगतोय. आमच्याकडे रिझल्ट चांगले आहेत.

जुना_स्टेंटर: तापमान अजून सांगितलं नाहीत. बाथमध्ये (कापड बुडवतात त्या द्रावणात) अजून काही घालतात का?

ताणाबाणा: आत्ता फोन करून विचारलं. क्युरिंग झटपट व्हावं म्हणून सायट्रिक आम्ल घालतात. स्टेंटर (कापड सुकवायचं-तापवायचं मशीन) १७० ला.

जुना_स्टेंटर: मग सुताला दोष देऊ नका. मॅग्नेशियम क्लोराइड थंड बाथमध्ये गप्प असतं, कापड सुकून तापलं की आम्लपणा दाखवतं. त्याच आम्लाने रेझिन सेल्युलोजला (कापूस ज्याचा बनतो त्याला) जोडलं जातं आणि त्यानेच सेल्युलोजची साखळीही तुटते. कापसाच्या एका साखळीत हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडलेले असतात. मधला एखादाच जोड तुटला तरी साखळीचे दोन तुकडे होतात, म्हणून थोड्या तुटीनेही धागा कमजोर पडतो. सायट्रिक घालायचं ते कमी तापमानात काम व्हावं म्हणून. नुसत्या मॅग्नेशियम क्लोराइडलाही १५०-१६० डिग्री आणि काही मिनिटं पुरतात. सायट्रिक घालून वर १७० म्हणजे कापड भाजणंच झालं.

आता माल वाचेल का? ताकद दोन कारणांनी जाते. रेझिनने साखळ्या एकमेकींना बांधल्या की धागा ताठ होतो, ताण वाटला जात नाही. रेझिन काढलं की ही ताकद परत येते. साखळीच तुटली असेल तर काही केल्या येत नाही. एक तुकडा फॉस्फोरिक आम्ल आणि युरियाच्या गरम द्रावणात स्ट्रिप करून (रेझिन काढून) घ्या, मग ग्रे आणि स्ट्रिप केलेला दोन्ही स्ट्रेंथ मशीनवर लावा. त्याच तुकड्याची क्युप्रॅमोनियम फ्लुइडिटीही (कापड विरघळवल्यावर द्रावण किती पातळ होतं तो आकडा) काढायला सांगा. साखळ्या तुटल्या असतील तर आकडा चढलेला दिसेल. आधी स्ट्रिप करायलाच हवं, रेझिन असलेलं कापड त्या द्रावणात नीट विरघळत नाही.

मिलगावकर: पूर्ण सहमत. घाटकोपरला बिट्रात विचारा, किंवा वरळीला सस्मिरात, दोन्ही कापड संशोधन संस्था आहेत. रिपोर्ट हातात असला की प्रोसेसवाल्याशी बोलता येतं.

गिरणीचा_पोर: गिरण्या होत्या तेव्हा लॅबवाल्याने पास केल्याशिवाय ताका बाहेर पडत नसे. परळला आता टॉवर बघत बसायचं.

रंगारी: पॉलिएथिलीन इमल्शन (कापड मऊ करणारं) मारा, टिअर स्ट्रेंथ (न फाटण्याची ताकद) सुधारते.

जुना_स्टेंटर: सुधारते, धागे एकमेकांवरून सरकतात म्हणून. पण आम्लाने खाल्लेल्या धाग्याला त्याचा आधार नाही. आधी टेस्ट करा, मग इमल्शनवर खर्च करा. आणि ताणाबाणा, क्युरिंगनंतर कापड धुतलंय का? उरलेलं आम्ल आणि मीठ कापडातच असेल, तर या दमट हवेत ते गाळ्यात ठेवू नका. सौम्य सोडा ॲशच्या पाण्यातून काढा, नंतर साध्या पाण्याने नीट धुवा.

ताणाबाणा: धुतलेलं नाही, डायरेक्ट पॅकिंग केलंय. सगळे ताके आजच उघडतो. उद्या सकाळी तुकडे घेऊन घाटकोपरला जातोय. सोडा लिटरला किती टाकू?