मदत हवी आहे: पाळलेल्या घोरपडीचा आहार

नमस्कार मंडळी, मी बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितोय. आमच्याकडे आफ्रिकेतली सव्हाना मॉनिटर जातीची घोरपड आहे, रीतसर नोंदणी केलेली. (आपली देशी घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, ती पाळता येत नाही.)

विकणाऱ्याच्या सांगण्यावरून वर्षभर तिला उंदराची पिल्लं आणि अंडी घालत राहिलो. आता शेपटीचं मूळ फुगलंय, पोट जमिनीला घासतं, चार पावलं चालली की डोळे मिटून पडते. बघवत नाही हो. मूळ रानात ती मुख्यतः नाकतोडे, भुंगे, गोगलगायी खाते, हे फार उशिरा कळलं.

महिन्यापासून रातकिडे आणि डुबिया झुरळं देतोय. किड्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम अगदी कमी. म्हणून आदल्या दिवशी त्यांना गाजर, मेथी खाऊ घालतो आणि देताना कॅल्शियमची पूड लावतो. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आहेच.

आठवड्यातून किती वेळा खायला घालावं? वजन हळूहळू कसं उतरवावं? पावसात बागेत गोगलगायी ढिगाने निघतात, पण फवारणीच्या भीतीने धजत नाही. कुणी घरी वाढवल्यात का? बडोदा-आणंद भागात सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया कळवा.