पोकेमॉन गो: गावातले स्टॉप खेळाडूंनी स्वतः मांडावेत का?

तापीकाठ: पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा, फिरत फिरत खेळायचा गेम. त्यात देऊळ, पार अशा खऱ्या जागा नकाशावर 'स्टॉप' म्हणून दिसतात, तिथे गेलं की खेळाडूला गेममधल्या वस्तू मिळतात. पण धुळे-जळगाव सोडून खेड्याकडे निघालं की हा नकाशा कोरा होत जातो. वरच्या लेव्हलच्या खेळाडूला वेफेअररवर, म्हणजे नव्या जागा सुचवायच्या आणि तपासायच्या व्यवस्थेत, जागा सुचवता येते, पण निकाल देणार कोण? ज्याने आपला पार कधी पाहिला नाही असा परका खेळाडू. माझं म्हणणं, स्थानिक खेळाडूला गावात चार-पाच स्टॉप मंजुरीविना टाकू द्यावेत.

बोरीकाठ: साफ विरोध. मंजुरी काढा, महिनाभरात ज्याच्या त्याच्या ओट्यावर स्टॉप दिसेल. खाजगी घर नियमात बसत नाही ते याचसाठी, रात्री अकराला कोणाच्या दारात पोरं नकोत. आणि भाऊ, बरेच अर्ज कच्चे असतात म्हणून पडतात. पाराचंच घ्या. फोटोत नुसता वड आला की नैसर्गिक वस्तू म्हणून नापास. दगडी ओटा, शेंदूर लावलेला देव, कोरलेली पाटी असेल तर ती, हे जवळून घ्या. दुसरा फोटो दहा पावलं मागे सरून, आजूबाजूची घरं दिसतील असा. माणसांचे चेहरे, गाडीची नंबरप्लेट नको. नावात नुसतं 'हनुमान मंदिर' लिहू नका, ते गावोगाव आहे. 'वेशीजवळचं हनुमान मंदिर' आणि पुढे गावाचं नाव टाका. पिन मंदिराच्या छपरावर नेमकी बसवा.

तापीकाठ: फोटोचं पटलं. पण शाळेचं काय? बारावीपर्यंतच्या शाळेचं आवार बाद. कितीतरी गावांत व्यायामशाळा नाहीतर वाचनालय जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणातच असतं. नियम शहर डोळ्यांसमोर ठेवून केलाय, भोगतं खेडं.

बोरीकाठ: तो नियम लेकरांसाठी आहे, तो हलवू नये. ग्रामपंचायतीचं सभागृह, वेस, गावकुसाबाहेरचं देऊळ सुचवा.

केळीबाग: दोघांकडून एक गोष्ट सुटली. खेळाडूंनी निरखून काढलेला हिशोब असा: नकाशा चौकटींत विभागलेला असतो आणि सतराव्या पातळीच्या चौकटीत, म्हणजे साधारण ७० मीटर बाजूच्या तुकड्यात, एकच स्टॉप दिसतो. देऊळ आणि पार एकाच चौकटीत पडले तर दुसरा मंजूर होऊनही गेममध्ये येत नाही. लोक त्याला नापास समजतात. चौदाव्या पातळीच्या, म्हणजे बऱ्याच मोठ्या, चौकटीत २ जागा झाल्या की पहिली जिम (जिथे खेळाडू पोकेमॉनची झुंज लावतात), ६ झाल्या की दुसरी, २० ला तिसरी. म्हणून आधी चौकटी बघा, मग अर्ज करा.

मंजुरीविना काय होतं तेही दिसून गेलंय. २०१७ च्या डिसेंबरात गेमने ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे कोणालाही बदलता येणारा, स्वयंसेवकांनी बनवलेला नकाशा घेतला आणि पोकेमॉन जास्त निघावेत म्हणून लोकांनी त्यात खोटी उद्यानं, खोट्या पायवाटा काढल्या. त्या पुसायला स्वयंसेवकांना राबावं लागलं. तोच नकाशा बाकीची ॲपंही वापरतात. कपाशीच्या वावरातून पायवाट दाखवली तर तिथे वाट चुकणारा माणूस खेळाडूच असेल असं नाही.

तापीकाठ: खोट्या पायवाटेला माझाही विरोधच. पण मग निदान निकाल देणाऱ्यांत त्याच तालुक्याचा एक तरी खेळाडू सक्तीचा करा. पारोळ्याचा भुईकोट किल्ला परक्याला फोटोवरून कळेल. वेशीवरची वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, त्याला नुसता दगड वाटते.

बोरीकाठ: हे मान्य. तोवर वर्णनात दोन ओळी लिहा: वीरगळ म्हणजे काय, आणि गाव तिला कधी पुजतं.